पाकीट, बेलभंडारा आणि बटण: देवाची शपथ घेऊन दिलेलं मत कायद्यात कुठे बसतं?

मतदानाच्या आदल्या रात्री पैशांबरोबर देवाची शपथही घ्यायला लावली जाते. ही शपथ पाळणं बंधनकारक आहे का? ती घ्यायला लावणाऱ्यावर कारवाई होऊ शकते का? आणि विवेकवादी कार्यकर्त्यांनी हा विषय घेऊन लोकांपुढे जायचं कसं? सविस्तर समजून घेऊया.

"म्हणजे आपण लोकांना शपथ मोडा असं सांगायचं का, सर?"

तालुक्याच्या गावातलं वाचनालय, माडीवरची खोली, रविवारची सकाळ. विवेकवादी विचारांच्या एका स्थानिक गटाची महिन्याची बैठक सुरू होती. पंधरा-सोळा माणसं. त्यात निवृत्त शिक्षक होते, वकीलताई होत्या, एसटीतले एक वाहक होते आणि कॉलेजची चार-पाच मुलं. विषय दोनच होते. गटाचं काम जास्त लोकांपर्यंत कसं न्यायचं आणि येणाऱ्या निवडणुकीत आपण काही करायचं की नाही. दोन्ही विषय वेगवेगळे चर्चेला घेतले होते, पण वाहककाका बोलायला लागले आणि ते एकच झाले.

काकांनी सांगितलं ते थोडक्यात असं. रात्री दहाच्या सुमाराला दोघं येतात. एकाच्या हातात मतदारयादी, दुसऱ्याच्या हातात कागदाची पुडी. घरात मतं किती, हे यादीत बघूनच ते आलेले असतात. पाकीट दिलं जातं. मग पुडी उघडते. आत भंडारा आणि बेलाचं पान. घरातल्या कर्त्या माणसाने ते उचलायचं आणि शब्द द्यायचा. कुठे भंडाऱ्याऐवजी ग्रामदैवताचा अंगारा असतो, कुठे पोथीवर हात ठेवायचा असतो, तर कुठे लेकराच्या डोक्यावर. "पैसे दोन्ही पार्ट्यांचे येतात," काका म्हणाले. "मत मात्र ज्याने शपथ घेतली त्याला जातं."

त्यावर कॉलेजमधल्या मुलीने वरचा प्रश्न विचारला. शिक्षकांना लगेच उत्तर देता आलं नाही. आयुष्यभर मुलांना दिलेला शब्द पाळा म्हणून शिकवलेल्या माणसाला ते अवघड जाणारच होतं.

या एका प्रश्नात कायदा, श्रद्धा आणि निवडणुकीची निष्पक्षता या तिन्ही गोष्टी अडकलेल्या आहेत. एकेक करून बघू.

शपथेची गरज का पडते?

मतं विकत घेणाऱ्याची एक मोठी अडचण असते. मतदान गुप्त असतं. दुकानात पैसे दिले की वस्तू हातात मिळते. इथे पैसे दिल्यावर माल मिळाला की नाही, हे कळायची सोय नाही. मतदार पाकीट ठेवून घेईल आणि बटण दुसरंच दाबेल, ही धास्ती पैसे वाटणाऱ्याला कायम असते.

या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे शपथ. खोलीच्या आत उमेदवाराचा माणूस येऊ शकत नाही, पण देव येऊ शकतो, असा त्यामागचा हिशेब. गुप्त मतदानाने मतदाराला दिलेलं कुलूप देवाच्या नावाच्या किल्लीने उघडलं जातं. आपल्याकडे मतांसाठी वाटल्या जाणाऱ्या पैशालाही 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात. म्हणजे लाचेला देवीचं नाव आणि वसुलीला देवाचा धाक.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही युक्ती लबाड माणसावर चालत नाही. जो भंडारा उचलूनही खुशाल हवं ते बटण दाबतो, त्याच्यावर शपथेचा काही परिणाम नाही. ती चालते प्रामाणिक माणसावर, शब्दाला जागणाऱ्यावर, आणि ज्याला स्वतःपेक्षा लेकराची काळजी जास्त आहे त्याच्यावर. म्हणून "लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत" असं म्हणून हा विषय संपत नाही. इथे वापर होतोय तो लोकांच्या सचोटीचा.

कायदा काय म्हणतो?

अनेकांना वाटतं की पैसे वाटणं गुन्हा आहे, शपथ ही श्रद्धेची बाब आहे. तसं नाही. शपथेच्या धाकाबद्दल कायद्यात स्पष्ट तरतूद आहे, आणि ती आजची नाही.

१९२० साली ब्रिटिश सरकारने भारतीय दंड संहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं स्वतंत्र प्रकरण घातलं. त्यातल्या कलम १७१-क मध्ये 'गैरवाजवी दबाव' म्हणजे काय, ते सांगितलं होतं. मतदाराला इजा करण्याची धमकी देणं हा एक प्रकार. दुसरा प्रकार असा की, मतदारावर किंवा त्याला ज्याच्याबद्दल आस्था आहे अशा माणसावर देवाचा कोप होईल, असं त्याला पटवून देणं किंवा तसा प्रयत्न करणं.

यातले 'ज्याच्याबद्दल आस्था आहे अशा माणसावर' हे शब्द पुन्हा वाचा. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावण्याचा प्रकार शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखला होता.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हीच तरतूद आता तिच्या कलम १७१ मध्ये आहे. शिक्षा कलम १७४ मध्ये: एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लाचेसाठी कलम १७० आणि १७३. ही कलमं लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या निवडणुकांना लागू होतात.

लोकसभा आणि विधानसभेसाठी आणखी एक कायदा आहे, लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१. त्याच्या कलम १२३(२) मध्ये देवाच्या कोपाची भीती घालणं हा 'भ्रष्ट आचार' मानला आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने तो केल्याचं सिद्ध झालं, तर निवडणूक रद्द होऊ शकते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रताही येऊ शकते. त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं असेल तर मुदत फक्त १५ दिवसांची असते आणि अर्ज दिवाणी न्यायालयात करावा लागतो.

असं कधी झालंय का?

झालंय. १९५९ मध्ये रामदयाळ विरुद्ध संतलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे तेव्हाच्या पंजाबातली एक निवडणूक आली. नामधारी पंथाच्या गुरूंनी अनुयायांना एका उमेदवाराला मत देण्याचा हुकूम काढला होता. न्यायालयाने फरक स्पष्ट केला. धर्मगुरूही नागरिक आहेत, ते कुणासाठी मत मागू शकतात. पण मोडला तर पाप लागेल असा हुकूमच निघाला, तर अनुयायाला निवडीचं स्वातंत्र्य उरत नाही. तो गैरवाजवी दबाव ठरतो.

दुसरं प्रकरण गुजरातच्या बनासकांठातलं. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत तिथे स्वतंत्र पक्षाचे मनुभाई अमरसी निवडून आले. प्रचारात एका महाराजांनी भाषणं केली होती. काँग्रेसला मत दिलं तर गोहत्येचं पाप लागेल, असा त्यांचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत निवडून आले ते मुंबईचे स. का. पाटील. हेच पाटील १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून हरले होते.

या दोन्ही खटल्यांत पुरावा होता, कारण जे काही झालं ते उघड झालं. हुकूम निघाला होता, सभेत भाषणं झाली होती. रात्री दहा वाजता उंबऱ्याच्या आत उघडलेल्या पुडीचा पुरावा कोण देणार?

मग गुन्हे का दाखल होत नाहीत?

पुरावा हे एक कारण झालं. वकीलताईंनी बैठकीत आणखी दोन सांगितली.

पहिलं कारण असं की, निवडणुकीतली लाच आणि गैरवाजवी दबाव हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत. म्हणजे तक्रार आली तरी पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकत नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मतदानाला बारा तास उरलेले असताना परवानगी कधी मिळणार आणि तपास कधी होणार?

दुसरं कारण जास्त अडचणीचं. लाच देणारा जसा गुन्हेगार, तसा घेणाराही. ज्याच्याकडून शपथ घेतली, त्याच्याकडे बहुतेक वेळा पाकीटही आलेलं असतं. तक्रार करायला गेला तर तोच आधी अडकायची भीती. शिवाय गावात राहायचं आहे. पुडी घेऊन आलेला माणूस बऱ्याचदा भावकीतलाच असतो.

जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो का?

हा प्रश्न बैठकीत हमखास येणार होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि या कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात जी कृत्यं दिली आहेत, तेवढ्यांनाच तो लागू होतो. आपल्या अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून लोकांच्या मनात भीती निर्माण करणं आणि आपलं ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, हे त्या यादीत आहे. म्हणजे अंगात आल्याचं सांगणाऱ्या एखाद्या भगताने "अमक्याला मत दिलं नाही तर घरात मरण येईल" असं बजावलं, तर हा कायदा लागू होऊ शकतो. इथे गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

पण नुसत्या पुडीतल्या भंडाऱ्याला हा कायदा ताणून लावता येणार नाही. पुडी घेऊन येणारा स्वतःकडे दैवी शक्ती असल्याचा दावा करत नाही. तिथे न्याय संहितेचं कलम १७१ हेच योग्य. कोणत्या प्रसंगाला कोणता कायदा, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे. चुकीच्या कलमाखाली केलेली तक्रार टिकत नाही, आणि पुढच्या वेळी खऱ्या तक्रारीकडेही दुर्लक्ष होतं.

मत ऐकलं नाही म्हणून वाळीत टाकलं, तर तिसरा कायदा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

देवळासाठी लिलाव, मतांसाठी देवदर्शन

देवाचं नाव वापरून निवड काढून घेण्याचा प्रकार घराच्या उंबऱ्यापुरता नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदासाठी बोली लागली. आकडा गेला २ कोटी ५ लाखांवर, आणि पैसे गावातल्या मंदिरासाठी द्यायचं ठरलं. नंदुरबारच्या खोंडामळीतही ४२ लाखांची बोली झाली. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

तेव्हा अनेकांनी विचारलं होतं, पैसे देवळालाच गेले ना, मग बिघडलं काय? बिघडलं ते हे की, बोली लावणाऱ्यांनी मतदाराचा हक्क विकला आणि त्या व्यवहाराला देवाचं नाव दिलं. ज्याला त्या बोलीविरुद्ध बोलायचं होतं, तो गावाच्याच नव्हे तर देवाच्याही विरुद्ध ठरणार होता. वाहककाकांच्या पुडीतला भंडारा जे काम करतो, तेच काम इथे मंदिराने केलं.

देवदर्शनाच्या सहलींचं जरा वेगळं आहे. निवडणुका लागायच्या आधी इच्छुक मंडळी बस भरून लोकांना तीर्थक्षेत्री नेतात. कायद्याच्या व्याख्येत 'उमेदवार' म्हणजे रीतसर अर्ज भरलेला माणूस. त्याआधी नेलेली सहल भ्रष्ट आचाराच्या व्याख्येत बसवणं कठीण जातं. म्हणून सहली लवकर निघतात. परतीच्या वाटेवर मात्र शब्द मागितला जातो, आणि "माउलीचं दर्शन घेऊन दिलेला शब्द" मोडणं पुडीइतकंच जड जातं.

मशीन सांगतं का, मी कुणाला मत दिलं?

शपथेच्या जोडीला आणखी एक धाक असतो. "आम्हाला कळतंच." बैठकीतल्या मुलांनी मलाच विचारलं, कारण मी इंजिनिअरिंग केलंय.

मतदान यंत्राला तुमचं नाव माहीत नसतं. सही आणि अनुक्रमांक कागदी नोंदवहीत असतो, यंत्रात नसतो. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटमध्ये दिसणारी चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आत पडते. तिच्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असतं, मतदाराचं काहीच नसतं. मतदान केंद्रात मोबाईल नेण्याला मनाई असते. त्यामुळे "फोटो काढून आण" असं कुणी सांगितलं, तर तसं करता येत नाही असं सरळ सांगायला तुम्ही मोकळे आहात. कुणाला मत दिलं हे सांगण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये आहे.

पण हे सांगून मी थांबलो असतो तर ते अर्धसत्य झालं असतं. एका माणसाचं मत कळत नसलं तरी एका वस्तीचं कळतं. मतमोजणी केंद्रनिहाय होते. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते निकालात दिसतं. ग्रामपंचायतीत सदस्यसंख्या ७ ते १७ असते आणि प्रभाग छोटे. चारशे मतांच्या प्रभागात तीनशे पाकिटं वाटली आणि दीडशे मतं मिळाली, की संशयाची यादी सुरू होते. रस्ता कुणाच्या दारापर्यंत आला आणि कुणाच्या दारी थांबला, याचा हिशेब मग पाच वर्षं चालतो.

कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रं आली आणि ते गेलं. त्यावर 'टोटलायझर' नावाचं उपकरण सुचवलं गेलं. १४ यंत्रांची मतं एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवायची, असं त्याचं काम. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये हा प्रस्ताव मांडला, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने तो मान्य केला नाही.

बैठकीत साहजिकच ईव्हीएमवरच्या संशयाचा विषय निघाला. दोन गट पडले आणि आवाज चढले. शिक्षकांनी तेव्हा एक चांगली गोष्ट सांगितली. बाबाच्या चमत्काराला आपण पुरावा मागतो, तसाच आरोप करणाऱ्याकडेही मागायचा आणि आयोगाकडेही मागायचा. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही आणि पुराव्याशिवाय आरोपही करायचा नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकेची मागणी फेटाळली. त्याच निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभाही दिली. पडताळणीची मागणी करणं म्हणजे देशद्रोह नाही. यंत्राने फसवलं असं ठरवून टाकणं हा विवेकवादही नाही.

सासवडचा धागा

देव-धर्म चिकित्सा करणाऱ्यांचा निवडणुकीशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना महाराष्ट्रातलंच एक उदाहरण देता येईल.

वि. म. तारकुंडे यांचा जन्म १९०९ मध्ये सासवडचा. एम. एन. रॉय यांचे सहकारी, मानवतावादी चळवळीतले अग्रणी, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. जयप्रकाश नारायण यांच्या 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी'ने निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली, तिचे प्रमुख तारकुंडे होते. १९७५ च्या अहवालात या समितीने मतदानाचं वय १८ करा, निवडणूक आयोग तीन सदस्यांचा करा, अशा शिफारशी केल्या. वय १९८९ मध्ये कमी झालं. आयोग १९९३ पासून कायमचा तीन सदस्यांचा झाला.

आयुक्तांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांनी मिळून करावी, असंही समितीने म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तशीच व्यवस्था सांगितली. डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्र्याला आणलं.

सासवड आणि जेजुरी एकाच पुरंदर तालुक्यात येतात. ज्या मातीत बेलभंडारा उचलून शब्द दिला जातो, तिथल्याच एका माणसाने निवडणूक निष्पक्ष कशी होईल याचा आराखडा मांडला. देव न मानणाऱ्याला लोकशाहीची काळजी असू शकते, आणि देव मानणाऱ्याला तर ती असतेच. या दोघांनी एकत्र यायला काही हरकत नाही.

लोकांपर्यंत जायचं कसं?

गटापुढे खरा पेच हाच आहे. एका सदस्याचं म्हणणं होतं की गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करून दाखवू. लिंबातून लाल पाणी काढू, कापूर जिभेवर जाळू, लोकांची भीती जाईल. दुसऱ्यांचं म्हणणं पडलं, कायद्याची पत्रकं वाटू.

माझ्या मते दोन्ही एकटी पुरणार नाहीत. प्रयोग पाहून लोक टाळ्या वाजवतील, पण रात्री पुडी उघडली की लेकराचा चेहराच समोर येईल. आणि "भंडाऱ्यात काही नसतं" असं म्हणणारा कार्यकर्ता त्या घरासाठी खंडोबाचा अपमान करणारा ठरेल. मग पुडीवाला सोयीने देवाचा रक्षक होईल. कायद्याच्या पत्रकाचंही तेच. कलम १७१ वाचून कुणाची भीती जात नाही.

बैठकीत शेवटी मार्ग सुचवला तो काकांनी. त्यांच्या बायकोने एकदा पुडीवाल्यांना विचारलं होतं, "शपथ ह्यांनी घेतली. माझं मत माझं. मी कुठे भंडारा उचलला?" त्यावर समोरच्याकडे उत्तर नव्हतं. काकांच्या घरात त्या वर्षी पाच मतं पाच ठिकाणी गेली, आणि कुणालाही काही झालं नाही.

या एका वाक्यात श्रद्धेला धक्का लागत नाही आणि हक्कही सुटत नाही. लोकांपुढे न्यायची भाषा ही आहे. नवऱ्याच्या शपथेने बायकोचं मत बांधलं जात नाही. लाच देऊन मागितलेल्या शब्दाला कायदा शब्द मानत नाही. बेकायदा हेतूसाठी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. आणि श्रद्धेच्या बाजूने पाहिलं तर देवाला मतं विकण्याच्या धंद्यात साक्षीदार म्हणून उभं करणं, हाच देवाचा अपमान आहे. हे कीर्तनकाराने सांगितलं तर कार्यकर्त्याने सांगण्यापेक्षा दहापट पोहोचेल. पुजाऱ्याने आणि देवस्थानच्या विश्वस्तांनी "आमच्या देवाचा अंगारा मतांसाठी वापरू नका" एवढा फलक लावला तरी पुडीचं वजन निम्मं होईल.

आमचं म्हणणं

आता मुलीच्या प्रश्नाकडे. लोकांना शपथ मोडा असं सांगायचं का?

आमचं उत्तर असं आहे: शपथ घ्यायचीच नाही, हे आधी सांगा. आणि घेतली असेल, तर मोडल्याचं पाप मतदाराच्या माथी नाही हेही ठामपणे सांगा. ज्याने लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, दोष त्याचा. दबावाखाली तोंडातून निघालेला शब्द आणि मनापासून दिलेला शब्द यांतला फरक आपल्या घरातल्या आजीलाही कळतो.

मात्र हे काम करणाऱ्या गटांनी दोन पथ्यं पाळायला हवीत. पहिलं, सगळ्या पक्षांना एकच माप. आपल्याला न आवडणाऱ्या उमेदवाराच्या पुडीची तक्रार करायची आणि जवळच्या उमेदवाराची पुडी दिसली की मान वळवायची, असं एकदा झालं की गटाचा शब्द संपला. दुसरं, काम निवडणुकीच्या आठवड्यात सुरू करायचं नाही. आचारसंहिता लागल्यावर आलेला माणूस कुणीतरी पाठवलेलाच वाटतो.

सरकार आणि आयोगाकडूनही अपेक्षा आहेत. मतदार जागृतीच्या जाहिरातीत "मत विकू नका" असतं. तिथे "देवाची शपथ घ्यायला लावणं हा गुन्हा आहे, तुमचं मत कुणालाही कळत नाही" एवढं एक वाक्य वाढवायला खर्च येत नाही. लाच आणि गैरवाजवी दबाव हे गुन्हे दखलपात्र करावेत. स्वतःहून पुढे येऊन तक्रार करणाऱ्या मतदाराला संरक्षण मिळावं. आणि छोट्या प्रभागांतली मतं एकत्र मोजण्याचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर यावा. गुप्त मतदान कागदावर असून भागत नाही, वस्तीलाही ते मिळालं पाहिजे.

तुमच्या दारात पुडी आली तर?

• पाकीट आणि पुडी दोन्ही नाकारा. वाद घालायची गरज नाही. "आमच्या घरात देवाची शपथ घेत नाहीत" एवढं पुरे.

• घरातल्या प्रत्येकाने आपलं मत स्वतःच ठरवायचं. कर्त्या माणसाचा शब्द इतरांना लागू होत नाही.

• लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार करता येते. स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोग काम पाहतो. तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

• कुणी "आम्हाला कळेल" म्हणालं, तर यंत्रात तुमचं नाव नसतं, हे लक्षात ठेवा.

बैठक संपली तेव्हा दुपार झाली होती. काही ठराव झाला नाही. एवढंच ठरलं की पुढच्या महिन्याची बैठक वाचनालयात घ्यायची नाही, काकांच्या वस्तीवर घ्यायची, आणि बोलायला आधी काकूंना उभं करायचं.